रुग्णवाहिकेतील औषधविद्या

सोलापूरहून अक्कलकोटच्या वाटेला लागले, की दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव येते. विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली हजारो घरांची वसाहत आणि अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, या दोहोंमुळे त्याचे नाव आज जिल्ह्याबाहेरही गेले आहे. मराठी, तेलुगू आणि कानडी या तीनही भाषा जेथे एकाच गल्लीत कानांवर पडतात, तेथे अपरात्री १०८ ची रुग्णवाहिका दारात उभी राहिली, तर तीतून उतरणाऱ्या माणसापुढे पहिला प्रश्न औषधाचा नसून नावाचा असतो. ‘तुम्हीच लक्ष्मीबाई ना?’ असे विचारले, तर वेदनेने कण्हणारी बाई कशालाही मान डोलावते. म्हणून ‘आपले नाव काय, वय काय?’ असे विचारून उत्तर तिच्या किंवा नातलगांच्या तोंडूनच वदवून घ्यावे, हा निमवैद्यकीय शिक्षणातील पहिला धडा होय.

महाराष्ट्रात ही १०८ रुग्णवाहिका सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली आणि तिच्या ताफ्यासाठी ९३७ गाड्यांची तजवीज झाली. गाडीत डॉक्टर असावा, हा आपल्याकडील शिरस्ता निःसंशय चांगला. परंतु गाडीत असो वा रुग्णालयाच्या अपघात विभागात, डॉक्टरांचे हात रुग्णाची छाती दाबण्यात गुंतले, म्हणजे ॲम्प्यूल फोडणारा आणि सिरिंज भरणारा हात दुसऱ्या कोणाचा तरी असतो, आणि त्या हाताला औषधविद्या किती अवगत आहे यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ ही पंचसूत्री विद्यार्थी चार दिवसांत पाठ करतात. खरी कसोटी ॲड्रेनलिनच्या एक मिलिलिटरच्या इवल्याशा ॲम्प्यूलपाशी लागते. तिच्यात एक मिलिग्रॅम औषध असते. तीव्र ॲलर्जीने घसा आवळत चाललेल्या प्रौढ माणसाला त्यातील अर्धे औषध मांडीच्या स्नायूत द्यावयाचे. आणि हृदय बंद पडलेल्याला तेच औषध, पूर्ण एक मिलिग्रॅम, शिरेतून, दर तीन ते पाच मिनिटांनी. हृदय बंद पडलेल्याची ही मात्रा घाईने ॲलर्जीच्या रुग्णाच्या शिरेत गेली, तर चालते हृदयच बेताल होऊन प्राणावर बेतते. त्यातून ‘एकास हजार’ आणि ‘एकास दहा हजार’ अशा प्रमाणांनी लिहिलेली तीव्रता ऐन धांदलीत भल्याभल्यांना चकवते. हिशेब मिलिग्रॅममध्येच करावा, असा आग्रह शिक्षकाने धरला तर तो हट्ट समजू नये.

मात्र नुसत्या आकड्यांचे पाठांतर पुरत नाही. आकड्यामागचे कारण ठाऊक असावे लागते. सर्पदंशावरील प्रतिविषाची मात्रा लहान मुलाला कमी द्यावी, असे कोणालाही सहज वाटेल. परंतु ते प्रतिविष शरीराच्या वजनाशी नव्हे तर विषाशी झुंजते, आणि साप मूल पाहून विष कमी सोडीत नाही, म्हणून मुलाला व मोठ्याला मात्रा सारखीच. फवारणीचे कीटकनाशक पोटात गेलेल्या शेतकऱ्याला ॲट्रोपिन द्यावयाचे, तर ०.६ मिलिग्रॅमची एक ॲम्प्यूल टोचून स्वस्थ बसणे व्यर्थ. छातीतील स्राव आटेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करीत जावे लागते. उलट पोटॅशियम क्लोराइडची ॲम्प्यूल पातळ न करता शिरेत ढकलली, तर हृदय जागच्या जागी थांबते. म्हणून ती इतर ॲम्प्यूलांच्या खणात ठेवूच नये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचे रुग्ण तासन्‌तास न्याहाळले, त्यांच्या लक्षणांवरचा लेख १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन या साध्या गोळीने कोकणातील कित्येक जीव वाचवले. कारण शोधणाऱ्याच्या हाती उपाय कसा लागतो, याचा याहून चांगला दाखला वर्गात देता यावयाचा नाही.

सोलापूरचा उन्हाळा ही आणखी एक बाब. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे ऑक्सिटोसिन सामान्यतः २ ते ८ अंशांत राखावे लागते. आणि पारा बेचाळीस ओलांडत असताना उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत त्याचे गुण हळूहळू ओसरतात, बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. तेव्हा शीतपेटी तपासणे, मुदत पाहणे, भरलेल्या सिरिंजवर औषधाचे नाव लिहिणे, डॉक्टरांचा तोंडी हुकूम मोठ्याने परत उच्चारून त्यांचा होकार घेणे आणि दिलेल्या औषधाची वेळेसह नोंद करणे, ही कामे कारकुनी वाटली तरी उपचाराचाच भाग आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांतील चुका टाळण्याची जगव्यापी मोहीम हाती घेतली, ती अशाच साध्या खबरदारीच्या अभावी माणसे दगावतात म्हणून.

वाचकांनी इतके करावे : घरात चालू असलेल्या औषधांची पाकिटे आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवावी, कोणते औषध सोसत नाही ते तिच्यावर ठळक लिहावे, आणि गाडी येताच ती पिशवी कर्मचाऱ्याच्या हाती द्यावी.