रिकामें पिंप आणि पेट्रोलची वाफ

मृग लागण्यापूर्वीं महाड-पोलादपूरकडील शेतकरी पावसाळ्याची बेगमी करितो. सरपण पडवींत रचलें जातें, पेंढा झाकला जातो, बियाणें उंचावर ठेविलें जातें. अलीकडे ह्या बेगमींत पेट्रोल व डिझेल ह्या जिनसांची भर पडली आहे. पॉवर टिलर, गवत कापण्याचें यंत्र, पाणी उपसण्याचा पंप हीं आतां पुष्कळ घरीं आहेत. शिवाय जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या पुरानें महाड बुडालें, रस्ते तुटले, वीज गेली, तो प्रसंग कोणीही विसरलेला नाहीं. तेव्हांपासून चार दिवस पुरेल इतकें इंधन घरीं असावें असें वाटणें स्वाभाविक आहे, व तें चूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तें कोठें व कशांत ठेवावें, ह्याचा विचार मात्र व्हावा तितका होत नाहीं.

पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, पेट्रोलनें भरलेलें पिंप भयंकर आणि रिकामें पिंप निरुपद्रवी. खरी गोष्ट बव्हंशीं उलट आहे. पेट्रोल जळतें असें आपण म्हणतों, पण जळते ती त्याची वाफ. आणि तीही हवेशीं ठराविक प्रमाणांत मिसळली असेल तरच. शंभर भाग हवेंत ही वाफ सुमारें १.४ भागांहून कमी असेल तर ती पेट घेत नाहीं, सुमारें ७.६ भागांहून अधिक झाली तरीही घेत नाहीं, कारण मग जळण्यास हवा पुरत नाहीं. ह्या दोन मर्यादांच्या मध्यें मात्र एक ठिणगी पुरे होते. भरलेल्या पिंपांत द्रवावरील जागेंत वाफ इतकी दाट असते कीं, ती सहसा वरच्या मर्यादेपलीकडे जाते. पिंप ओतून रिकामें केलें म्हणजे आंत हवा शिरते, वाफ विरळ होते, आणि तीच वेळ घाताची असते.

किती पेट्रोल पुरतें, ह्याचा हिशेब कोणासही करतां येईल. एक लिटर पेट्रोलची पूर्ण वाफ झाली तर ती सुमारें १९० लिटर जागा व्यापते. दोनशें लिटरच्या पिंपांत शेंकडा १.४ प्रमाणें वाफ म्हणजे २.८ लिटर वाफ. तेवढी होण्यास पेट्रोल लागतें सुमारें १५ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे! पिंप उपडें करून निथळलें तरी कडेच्या सांध्यांत इतकें पेट्रोल सहज राहतें. असें पिंप गुरांच्या पाण्यासाठीं मधोमध कापावें म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेणें म्हणजे काय, हें आतां निराळें सांगावयास नको.

आतां खोलीचा हिशेब पाहूं. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ फूट उंच अशी खोली घेतली तर तिच्यांत ९०० घनफूट, म्हणजे सुमारें २५,५०० लिटर हवा मावते. ती सर्व हवा पेट घेण्याजोगी होण्यास जवळजवळ दोन लिटर पेट्रोलची वाफ लागेल. हा आंकडा ऐकून एखाद्यास धीर येईल कीं, आमच्या डब्यांतून इतकें कशास गळेल? परंतु येथेंच हिशेब फसतो. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. ती खोलीभर सारखी पसरत नाहीं. वारा नसेल तर पाण्यासारखी जमिनीवर साचते, उंबऱ्यावरून ओघळते, उताराकडे जाते. ती जमिनीपासून एक फूट उंचीपर्यंतच साचली असें धरलें तर दोन लिटरांच्या जागीं पाव लिटरही पुरे होतें. म्हणून धोक्याचा अंदाज बांधतांना सारी खोली मोजूं नये. वाफ जेथें साचेल तेवढीच जागा मोजावी. आणि आपल्या घरांत जमिनीलगत असतें तरी काय? चूल, देवापुढील समई, फ्रीजचें यंत्र! वीज गेलेली असतां घर शांत असतें. ती परत येतांच फ्रीज आपोआप सुरू होतो, व त्यांतील ठिणगी नेमकी त्या थरांत पडण्याचा संभव असतो.

डिझेलचा स्वभाव निराळा आहे. पेट्रोलमधून कडाक्याच्या थंडींतही पेट घेण्याइतकी वाफ सुटते. डिझेल मात्र निदान ३५ अंश उष्णमानापर्यंत तशी वाफ सोडणार नाहीं, असें त्याचें प्रमाण सरकारनें ठरवून दिलें आहे. म्हणून घरीं ठेवण्यास डिझेल पुष्कळ बरें. तथापि वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं तापलेल्या पिंपावर फार भरंवसा टाकूं नये. त्यांत थोडें पेट्रोल मिसळलें गेलें तर ही सुरक्षितता नाहींशी होते. आणि डिझेलच्या रिकाम्या पिंपास वेल्डिंगची आंच लागली कीं, कडेस चिकटलेल्या तेलाचीच वाफ होऊन तेंही फुटतें.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर काय करते, हें आपल्या जिल्ह्यानें पाहिलेलें आहे. ५ नोव्हेंबर १९९० रोजीं नागोठणें येथील वायुप्रकल्पांत नळांतून इथेन व प्रोपेन वायु सुटून त्यांचा ढग झाला, आणि तो पेटून तीसहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. ३ नोव्हेंबर २०२३ रोजीं महाडच्या औद्योगिक वसाहतींतील ब्लू जेट हेल्थकेअर ह्या औषधी कारखान्यांत स्फोट होऊन आग लागली, त्यांत ११ कामगार बेपत्ता झाले, व पुढें ढिगाऱ्यांतून मृतदेह काढावे लागले. त्या वसाहतींत कामास जाणारे आपल्याच गांवांतले तरुण आहेत. तेव्हां हा विषय कारखानदारांचा, आपला नव्हे, असें म्हणतां येणार नाहीं.

ह्या बाबतींत जाणत्यांचे अंदाजही कसे चुकतात, ह्याचें उदाहरण इंग्लंडांतील बन्सफील्ड येथील आहे. ११ डिसेंबर २००५ च्या पहाटे तेथील एक टाकी भरूनही पेट्रोल आंत येतच राहिलें. मापक अडकल्यामुळें कोणास कळलें नाहीं. सुमारें ३०० टन पेट्रोल बाहेर सांडलें व वाफेचा बुटका ढग दूरवर पसरला. उघड्या मैदानांत अशी वाफ भडकेल, पण मोठा धडाका होणार नाहीं, असा पूर्वींचा समज होता. प्रत्यक्षांत प्रचंड स्फोट झाला. रविवारची पहाट असल्यानें कोणी मेलें नाहीं, इतकेंच भाग्य. चौकशींत असें दिसून आलें कीं, रस्त्याच्या कडेस असलेल्या गच्च झाडींतून जातांना ज्वाळेचा वेग भयंकर वाढला. म्हणजे वाफ किती आहे एवढेंच पाहून भागत नाहीं. ती कोठें अडकली आहे, हेंही पाहावें लागतें.

मुंबई-गोवा मार्गालगत ज्यांचीं शेतें आहेत त्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. कशेडी घाटांत वा अन्यत्र टँकर उलटला तर सांडलेलें पेट्रोल वा गॅसची वाफ ओहोळानें व खाचरांतून खालीं उतरते, आणि निवडुंगाच्या वा करवंदीच्या जाळींत साचून राहते. अशा वेळीं डबे घेऊन धांवणें हा शुद्ध आत्मघात होय. मोटारसायकल सुरू न करितां, वारा जिकडून येत असेल तिकडे व चढाच्या बाजूस पायीं निघून जावें, आणि वाटेंतील घरांतील चुली विझविण्यास सांगावें.

घरच्या साठ्याविषयीं आमची सूचना अशी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानें विक्रीकरितां नसलेलें ३० लिटरपर्यंत पेट्रोल परवान्यावांचून ठेवतां येतें; धातूचें भांडें मात्र २५ लिटरांहून मोठें नसावें व त्याचें तोंड घट्ट बंद असावें. परंतु कायद्याची मुभा ही सुरक्षिततेची हमी नव्हे. पेट्रोल माजघरांत, माळ्याखालीं किंवा गोठ्यांत ठेवूं नये. घरापासून वेगळी, पुराच्या रेषेच्या वर, पण उंबऱ्याच्या खालच्या अंगास अशी जागा पाहावी, व तेथें जमिनीलगत वारा खेळेल अशी जाळी ठेवावी. यंत्र थंड झाल्यावर, उघड्यावर व दिवसा उजेडींच त्यांत पेट्रोल भरावें. पुरांत वीज गेली कीं मुख्य खटका बंद करून ठेवावा. घरांत पेट्रोलचा वास आला तर कोणत्याही बटणास हात न लावतां दारें उघडून बाहेर पडावें. वास कमी झाला म्हणून वाफ गेली असें मानूं नये, कारण नाक लवकर सरावतें, आणि वाफ नाकाशीं नसून पायांशीं असते.

राहतां राहिलें रिकामें पिंप. तें नुसतें धुऊन भागत नाहीं. इंधनाचें पिंप आंच लावून कधींच कापूं नये. गुरांना पाण्यासाठीं दुसरें भांडें विकत घ्यावें लागलें तर त्यास चार पैसे लागतील. परंतु तीन चमचे पेट्रोलची किंमत त्याहून किती मोठी होऊं शकते, हें वरील हिशेबावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.