औषध तेच, वेळ आणि वाट वेगळी

रुग्णालय सर्वांसाठी खुले असताना कातकरी वाड्यांवर सायंकाळच्या फेऱ्या आणि रमजानपूर्व मधुमेह तपासणी असे स्वतंत्र कार्यक्रम कशासाठी, त्या रकमेत एखादे यंत्र येणार नाही का, असा प्रश्न आमचे हितचिंतक अधूनमधून विचारतात. प्रश्न रास्त आहे. देणगीदारांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार असल्याने त्याचा खुलासा या अहवालात करीत आहोत.

कड्यावरच्या गणपतीच्या दर्शनास येणाऱ्या पाहुण्याला आंजर्ले म्हणजे नारळी-पोफळीची एकसंध वस्ती वाटते. वस्तुतः हर्णैपासून केळशीपर्यंतच्या या किनारपट्टीत आणि तिच्या पाठीमागच्या डोंगरात अनेक समाज राहतात आणि प्रत्येकाचे वर्ष निराळे असते. रुग्णालयाचे घड्याळ मात्र एकच.

त्यात सर्वाधिक गैरसोय होते ती कातकऱ्यांची. खैराच्या लाकडापासून काथ काढणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे कडक झाले, तसा तो व्यवसाय हातचा गेला आणि मजुरी पदरी आली. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातील तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदविल्या आहेत. दिवसा वाडीवर वृद्ध व लहान मुलांखेरीज सहसा कोणी नसते. मोठी माणसे मजुरीला, रानात किंवा खाडीत मासे-चिंबोऱ्यांसाठी गेलेली असतात. अशा माणसाने सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात यायचे, तर त्या दिवसाची चूल पेटत नाही. म्हणून आमची फेरी दिवेलागणीला निघते.

दुसरी अडचण स्थलांतराची. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास वीटभट्ट्यांवर किंवा कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिन्यांचा. श्रावणात गोळ्या सुरू झालेला रुग्ण निम्मा उपचारही होण्यापूर्वी गाव सोडतो. गोळ्या मध्येच सुटल्या, तर रोग औषधाला दाद देईनासा होण्याचा धोका असतो आणि पुढचा उपचार अधिक लांब व कष्टाचा होतो. शासनाच्या ‘निक्षय’ नोंदणीमुळे रुग्णास दुसऱ्या जिल्ह्यातील सरकारी केंद्रातूनही औषध मिळू शकते. परंतु त्यासाठी कुटुंब कोठे जाणार, हे आधी कळावे लागते. ते कागदावरून कळत नाही, ओट्यावर बसल्यावर कळते. नऊ महिन्यांनी आणि पुढे दीड वर्षाच्या सुमारास द्यावयाची गोवर-रुबेलाची लसही अशीच भट्टीवरच्या महिन्यांत अडकते. यास्तव लसीकरणाची विशेष फेरी दसऱ्यापूर्वी ठेवतो आणि लसीचे कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हाती देतो.

या बाबतीत महाराष्ट्रातील सर्वांत शिकण्याजोगा दाखला गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. दवाखान्यात का येत नाही, असे त्यांनी गोंड आदिवासींना विचारले. मोठ्या इमारतींची भीती वाटते; तुम्ही पांढरे कपडे घालता, आमच्यात ते प्रेताला गुंडाळतात; नातेवाइकांना दूर ठेवता; आणि तुमच्या दवाखान्यात देव नाही, अशा आशयाची उत्तरे मिळाली. शोधग्रामचे रुग्णालय मग आदिवासी गावासारखे, झोपड्यांच्या धर्तीवर उभे राहिले. रुग्णासोबत कुटुंब राहू लागले आणि रुग्णालयाला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. बाळंतीण व तान्हे मूल घराबाहेर पडत नाही, हे ओळखून गावातीलच स्त्रियांना नवजात बालकाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले गेले. ३९ गावांतील या प्रयोगाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

याचा अर्थ प्रत्येक रूढीपुढे मान तुकवावी, असा नव्हे. भगताने अंगारा लावण्यास आमची हरकत नसते. पण विषारी सर्पदंशावर प्रतिसर्पविषाशिवाय उतारा नाही. जखम चिरू नये, आवळून बांधू नये, अवयव हलवू नये आणि रुग्णास तत्काळ आणावे, येथे तडजोड नाही. भगताला विरोधक न मानता हेच त्यालाही समजावतो, कारण पहिला निरोप बहुधा त्याच्याकडेच जातो.

रमजानची तपासणी याच विचारातून आली. मधुमेही व्यक्ती गोळ्यांचे वेळापत्रक न बदलता दिवसभर उपाशी राहिली, तर इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्यांमुळे रक्तातील साखर घातक प्रमाणात उतरू शकते. ‘रोजा धरू नका’ एवढेच सांगितले, तर अनेकजण डॉक्टरांना न सांगता धरतात. त्यापेक्षा महिनाभर आधी भेटून कोणास धोका अधिक आहे हे ठरविणे, सहरी व इफ्तारनुसार मात्रा बदलणे आणि साखर ७० च्या खाली गेल्यास रोजा सोडण्याविषयी घरच्यांसमक्ष बोलणे अधिक हिताचे. बोटातून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक धर्मज्ञ मानतात. ही गोष्ट आमच्यापेक्षा मशिदीतील इमामसाहेबांनी सांगितली की सहज पटते. चांद्रवर्षामुळे रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतो, म्हणून हे वेळापत्रक दरवर्षी नव्याने आखावे लागते.

या साऱ्याचा खर्च मुख्यत्वे गाडीचे इंधन, सायंकाळच्या कामाचा परिचारिकांचा भत्ता आणि साखर तपासण्याच्या पट्ट्या यांवर होतो. औषधे त्याच कपाटातील, जी आंजर्ल्यात इतर रुग्णांना दिली जातात. कोळी बांधवांच्या रक्तदाब तपासणीसाठी जून-जुलै हे महिने योजिले आहेत. यांत्रिक मासेमारी तेव्हा बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात आणि माणसे घरी.