पायथनच्या घरांतील टिकल दुभाष्या

आमच्या सोबत्यांपैकीं जे संगणकावर पायथन भाषा शिकतात, त्यांस खिडकी, बटण व लिहिण्याची चौकट दाखविणारी एखादी लहानशी आज्ञावली केव्हां ना केव्हां लिहावी लागते. त्याकरितां ते टीकिंटर नांवाचें साहित्य घेतात, आणि खिडकी पायथननेंच काढिली असें मानतात. आमचाही समज असाच होता. वस्तुतः टीकिंटरच्या पोटांत टिकल नांवाच्या निराळ्याच भाषेचा एक सबंध दुभाष्या बसलेला असतो. दुभाष्या म्हणजे येथें मनुष्य नव्हे. लिहिलेल्या आज्ञा एकामागून एक वाचून त्या तेथल्या तेथें अमलांत आणणारी जी आज्ञावली, जिला इंटरप्रिटर म्हणतात, तीच होय.

टिकल ही भाषा अमेरिकेंत बर्कले येथें कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या जॉन औस्टरहाउट यांनीं १९८८ सालीं रचिली, ती मुळीं दुसऱ्याच्या घरीं राहण्यासाठींच. प्रत्येक नव्या साधनासाठीं एक अर्धीकच्ची आज्ञाभाषा घडवीत बसण्यापेक्षां एकच चांगली भाषा सर्वांत बसवितां यावी, हा त्यांचा हेतु. पुढें खिडक्या काढणारें 'टीके' हें साहित्यही त्यांनीं तिला जोडून दिलें. १९९१ सालीं पायथन प्रसिद्ध झाली. तिच्या लोकांनीं टीके नव्यानें न लिहितां तें टिकलसह उचललें.

पायथनमध्यें आपण 'बटण कर' म्हटलें म्हणजे ती आज्ञा टिकलचें रूप घेऊन दुभाष्याकडे जाते, व बटण दाबलें म्हणजे दुभाष्या उलट पायथनला हांक मारतो. हें सुरळीत चालतें, म्हणून कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. परंतु दुभाष्याशीं आपण स्वतः बोलूं लागलों कीं गंमत सुरू होते. टीकिंटरच्या 'इव्हॅल' या क्रियेनें टिकलला 'दोन अधिक तीन किती' असें विचारा. उत्तर ५ येतें खरें, पण ती संख्या नव्हे, नुसतें अक्षर होय. त्यास दोहोंनीं गुणिलें असतां पायथन १० न म्हणतां ५५ म्हणते!

याहून गंभीर गोष्ट चौकटी कंसांची. टिकल त्या कंसांतील मजकूर आज्ञा समजून चालविते. वापरणाराचें नांव विचारून तें टिकलच्या वाक्यांत जसेंच्या तसें चिकटविणारी एक आज्ञावली आम्हीं करून पाहिली. एका सोबत्यानें नांवाऐवजीं चौकटी कंसांत पीडब्ल्यूडी—बांधकाम खातें नव्हे, 'मी कोणत्या कप्प्यांत आहें' हें विचारणारी टिकलची आज्ञा—इतकेंच लिहिलें, तों खिडकींत नांवाच्या जागीं संगणकांतील कप्प्याचा सबंध पत्ता उमटला. आम्ही हंसलों, मागाहून मात्र दचकलों. त्याच वाटेनें फाईल पुसून टाकण्याची आज्ञाही आंत शिरली असती! टीकिंटरच्या कर्त्यांनीं दुभाष्याची 'एक्झिट' ही आज्ञा, ती पायथनला न विचारतांच सर्व काम बंद पाडील म्हणून, आधींच काढून टाकिली आहे. फाईल पुसण्याची तशीच आहे.

यास्तव बाहेरून आलेला मजकूर इव्हॅलच्या वाक्यांत कधींही चिकटवूं नये. 'कॉल' ही क्रिया वापरून आज्ञा, चलाचें नांव व मजकूर हीं तिन्ही निरनिराळीं द्यावीं. मग टिकल तो मजकूर उघडून पाहत नाहीं. आम्हीं तसा फेर केला. त्याच सोबत्यानें पुन्हां तेंच लिहिलें, तेव्हां खिडकींत कंसांसह पीडब्ल्यूडी हींच अक्षरें दिसलीं.