संशय माहेरचा, जबाबदारीही माहेरचीच

७ मे २०२० ची सकाळ. केरळमधल्या कोल्लम जिल्ह्यातल्या अंचल इथं, आईवडिलांच्या घरी झोपलेली पंचवीस वर्षांची उत्रा उठलीच नाही. दवाखान्यात निदान झालं, सर्पदंश. खोलीत शोधाशोध केल्यावर नागही सापडला. तो मारला आणि पुरून टाकला. सापांचा वावर असलेल्या मुलखात अशी बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते.

ही संपली नाही, कारण आईवडिलांच्या मनात तारखा जुळू लागल्या. दोनच महिन्यांपूर्वी, मार्चच्या सुरुवातीला, सासरी असताना तिला घोणस चावली होती. पन्नासहून जास्त दिवस रुग्णालयात काढून ती विश्रांतीसाठी माहेरी आली होती. ती धड बरीही झालेली नसताना पुन्हा साप, आणि तोही वातानुकूलित खोलीत? त्याच खोलीत झोपलेल्या नवऱ्याला रात्रभर काहीच कसं कळलं नाही? आईवडिलांनी कोल्लम ग्रामीणचे पोलीस अधीक्षक हरिशंकर यांच्याकडे तक्रार केली. २४ मे रोजी नवऱ्याला अटक झाली.

जोडीदाराच्या हातून झालेल्या खुनाचे तपास पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खून घरात होतो, बहुधा रात्री होतो आणि साक्षीदार असलाच तर तो घरातलाच असतो. शेजारी गप्प राहतात, सासरची माणसं ठरवून बोलतात. शंका घेतं ते माहेर. फिर्यादही तेच देतं, पुढे साक्षीला तेच उभं राहतं, आणि निकाल लागेपर्यंत मागे राहिलेलं मूलही तेच वाढवत असतं. आपल्या फौजदारी प्रक्रियेत या तिन्ही भूमिका वेगवेगळ्या धरलेल्या आहेत. घरात मात्र त्या एकाच आजी-आजोबांच्या अंगावर येतात.

सापाची साक्ष

उत्रा प्रकरणात हत्यार नैसर्गिक होतं. ‘साप चावला’ यात गुन्हा नाही. ‘साप चावायला लावला’ हे सिद्ध करायचं होतं. पोलिसांनी पुरलेला नाग उकरून काढला आणि त्याचं शवविच्छेदन करून घेतलं. सर्पतज्ज्ञांना विचारलं. आरोपीच्या फोनमध्ये सापांविषयीचे व्हिडिओ कित्येक महिने पाहिल्याचा माग निघाला. साप पुरवणारा सर्पमित्र सापडला आणि पुढे माफीचा साक्षीदार झाला.

सगळ्यात विलक्षण होता तो दाताच्या खुणांचा प्रयोग. नाग आपणहून चावतो तेव्हा त्याच्या दोन विषदंतांच्या खुणांमधलं अंतर साधारण पावणेदोन सेंटिमीटर भरतं. डोकं पकडून, दाबून चावायला लावलं की जबडा ताणला जातो आणि अंतर वाढतं. तपास पथकानं वनखात्याच्या प्रशिक्षण केंद्रात एका पुतळ्याच्या हाताला कोंबडीचं मांस बांधलं आणि जिवंत नागाचे दोन्ही प्रकारचे दंश मोजले. उत्राच्या हातावरच्या दोन दंशांची अंतरं होती २.३ आणि २.८ सेंटिमीटर. शिवाय तिला गुंगी आणणारी औषधं दिली गेली होती. ती का जागी झाली नाही, याचं उत्तर तिथं मिळालं. फिर्यादी पक्षाचं म्हणणं असं, की नवऱ्याला बायको नको होती पण तिच्याबरोबर आलेलं सोनं आणि पैसा हवा होता. घटस्फोट घेतला तर ते परत करावं लागलं असतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोल्लमच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला दोषी ठरवलं. शिक्षा दुहेरी जन्मठेपेची, आणि त्याआधी विष देणं व पुरावा नष्ट करणं यांसाठी दहा आणि सात वर्षं.

पुण्याचं पंचशील, मराठवाड्याचं उत्तर

असा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावरच उभा राहतो, आणि त्या पुराव्याची देशभर वापरली जाणारी कसोटी पुण्यातल्या एका मृत्यूतून आलेली आहे. जून १९८२ मध्ये, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले असताना, मंजुश्री सारडा या तरुणीचा सासरच्या घरी पोटॅशियम सायनाइडनं मृत्यू झाला. पुण्यात त्यावरून मोठी खळबळ उडाली. नारी समता मंचानं ‘मी एक मंजुश्री’ हे पोस्टर प्रदर्शन ठिकठिकाणी नेलं. सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. जुलै १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मात्र पतीची निर्दोष मुक्तता केली. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिची घुसमट दिसत होती. पण विष पतीजवळ होतं हे सिद्ध झालं नव्हतं आणि आत्महत्येची शक्यता पुरती बाद होत नव्हती.

त्या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगितली आहेत आणि न्यायालयानंच त्यांना ‘पंचशील’ म्हटलं आहे. प्रत्येक परिस्थिती पूर्ण सिद्ध झालेली हवी. ती आरोपीच्या दोषाशीच सुसंगत हवी. ती निर्णायक स्वरूपाची हवी. दोषाखेरीज दुसरी कुठलीही शक्यता तिच्यातून उरता कामा नये. आणि पुराव्यांची साखळी इतकी सलग हवी की आरोपी निर्दोष असू शकेल असं मानायला वाजवी कारण राहू नये. आज कुठल्याही जिल्हा न्यायालयात खुनाचा निकाल वाचा, सारडा खटल्याचा उल्लेख बहुधा सापडतोच. लेकीच्या मृत्यूबद्दल दाद मागायला आलेल्या आईवडिलांना ही कसोटी निष्ठूर वाटते. पण तीच कसोटी एखाद्या निरपराध नवऱ्याला फासापासून वाचवते, हेही तितकंच खरं.

मग चार भिंतींआड घडलेलं सिद्ध करायचं तरी कसं? याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मराठवाड्यातल्या एका खटल्यात दिलं, त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. योगायोग असा की त्याही प्रकरणात साप आहे, फक्त तो खोटा होता. सून साप चावून गेली, असा निरोप तिच्या वडिलांना धाडला गेला. शवविच्छेदनात निघालं की तिचा गळा दाबला होता. न्यायालयानं म्हटलं की घरात, गुप्तपणे झालेल्या गुन्ह्यात फिर्यादी पक्षावर अशक्यप्राय पुराव्याचं ओझं टाकता येणार नाही. त्या वेळी घरात असलेल्या माणसानं काय घडलं याचा खुलासा करायला हवा. तो गप्प राहिला किंवा खोटं बोलला, तर तीही साखळीतली एक कडी ठरते. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १०६ ते हेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात त्याचा क्रमांक १०९ आहे.

या तरतुदीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. तिच्यामुळे गुन्हा सिद्ध करण्याची मूळ जबाबदारी आरोपीवर जात नाही. आधी फिर्यादी पक्षाला दाखवावं लागतं की मृत्यू नैसर्गिक नव्हता आणि आरोपी घरातच होता. खुलाशाचा प्रश्न त्यानंतरचा. बायकोनं नवऱ्याला मारलं असा आरोप असेल, तरी हाच नियम.

बाईच्या मृत्यूला कायद्यानं एक वेगळं संरक्षण दिलं आहे, तेही त्याच ऐंशीच्या दशकातलं. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत तिचा संशयास्पद मृत्यू झाला तर शवविच्छेदन टाळता येत नाही आणि मृत्यूची चौकशी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे जाते. मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं, तर हुंडाबळीचं गृहीतक लागू होतं. त्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० खाली किमान सात वर्षं आणि कमाल जन्मठेप. तक्रार लवकर झाली नाही आणि अंत्यसंस्कार उरकले गेले, तर मात्र यातलं बरंचसं हातचं निसटतं.

मूल कुणाचं?

उत्रा गेली तेव्हा तिचं बाळ वर्षभराचं होतं. नवऱ्याच्या अटकेनंतर बाल कल्याण समितीनं ते तिच्या आईवडिलांकडे सोपवलं. हा निर्णय आपोआप होत नाही. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्यानुसार आई गेल्यावर वडील हाच नैसर्गिक पालक. तो आरोपी असला तरी निकालापर्यंत निर्दोष मानला जातो आणि जामिनावर सुटला की मुलाचा ताबा मागू शकतो. कोलकात्याच्या नील रतन कुंडू खटल्यात असंच झालं. मुलगी गेली, जावयावर तिच्या छळाचा आणि मृत्यूचा खटला सुरू होता, नातू आजोळी होता. आणि खालच्या न्यायालयांनी ताबा वडिलांना दिला. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते आदेश रद्द केले. वडिलांवरचा प्रलंबित खटला दुर्लक्षित करता येणार नाही, मुलाची इच्छा विचारली पाहिजे आणि सर्वात वर मुलाचं हित, असं न्यायालय म्हणालं. आजी-आजोबांनी कुटुंब न्यायालयात पालकत्वाचा अर्ज वेळेत करावा तो यासाठी. खुनाचा खटला चालवणारं न्यायालय हा प्रश्न सोडवत नाही.

कधी मूलच साक्षीदार असतं. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात २००३ साली आईचा खून झाला तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तिनं वडिलांविरुद्ध साक्ष दिली. उच्च न्यायालयानं वडिलांना सोडलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा पुन्हा कायम केली. साक्षीदाराला किमान वयाची अट नाही, फक्त पढवलेली साक्ष नको, हे सांगत. घटना आणि अंतिम निकाल यांच्यामध्ये त्या मुलीचं बालपण संपलं होतं, तरुणपणही निम्मं सरत आलं होतं.

सोनं, घर, हक्क

खुनी माणूस ज्याला मारतो त्याचा वारस होऊ शकत नाही. हिंदू वारसा कायद्याचं कलम २५ ते सांगतं; त्याला जणू आधीच मृत धरलं जातं आणि हिस्सा मुलांकडे जातो. खुन्यामार्फतही कुणाला हक्क सांगता येत नाही, हे २००५ मधल्या वेल्लीकन्नू निकालानं स्पष्ट केलं. हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या कलम ६ नुसार, लग्नापासून सात वर्षांत बाईचा अनैसर्गिक मृत्यू झाला तर हुंडा म्हणून दिलेली मालमत्ता तिच्या मुलांना, मुलं नसतील तर आईवडिलांना मिळते. पण सोनं सासरच्या लॉकरमध्ये असतं आणि पावत्या कुणी जपलेल्या नसतात. लग्नातली यादी, फोटो, सराफाची बिलं पहिल्याच आठवड्यात तपास अधिकाऱ्याकडे दिली तर फौजदारी आणि मालमत्तेच्या, अशा दोन्ही खटल्यांना उपयोग होतो.

पीडित कुटुंब खटल्यात केवळ प्रेक्षक नाही. आरोपी सुटला किंवा कमी गुन्ह्यात दोषी ठरला, तर त्यांना स्वतः अपील करता येतं. शिक्षा वाढवून मागण्याचा अधिकार मात्र सरकारचा. उत्राच्या आईनं निकालाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली. तिला फाशी हवी होती. न्यायालयानं आरोपीचं वय आणि आधीची स्वच्छ पार्श्वभूमी पाहिली. त्या नाराजीला कायद्यात अपिलाची वाट नव्हती. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महाराष्ट्रात अनाथ, एकल पालक असलेल्या किंवा पालक तुरुंगात असलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला २,२५० रुपयांची. तिचा अर्ज महिला व बाल विकास कार्यालयात करायचा असतो.

म्हणजे एका मृत्यूमागे पोलीस ठाणं, सत्र न्यायालय, कुटुंब न्यायालय, दिवाणी न्यायालय, बाल कल्याण समिती आणि विधी सेवा प्राधिकरण अशी सहा दारं. प्रत्येक दाराशी तेच दोन म्हातारे, तीच कागदांची पिशवी, आणि तीच हकिकत पुन्हा पहिल्यापासून. नागाच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरपर्यंत मोजणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, हे कोल्लमनं दाखवून दिलं. फिर्याद नोंदवताना मुलाचा ताबा, स्त्रीधन आणि मदत यांची माहिती देणारा एक कागद माहेरच्यांच्या हाती ठेवायला त्याहून खूप कमी कौशल्य लागतं. त्यासाठी नवा कायदाही नको. ठाण्यातला अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील यांनी पहिल्या आठवड्यात एकमेकांना एक फोन केला, तरी पुरे.