इम्प्लांटभोवती शरीर काय विणतं

ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकात पुण्याकडची एक हकिकत चित्रासह छापून आली. इंग्रजी फौजेत बैल हाकणारा कावसजी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळच्या एका विटा बनवणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ही पद्धत वाचून सर्जन जोसेफ कार्प्यूने १८१४ साली लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

कापण्या-जोडण्याचं कौतुक आहेच, पण मी थक्क होतो ते त्या मजकुरातल्या नंतरच्या काळजीने. जोडावर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस दुसरं काही लावायचं नाही. मग तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. आणि कपाळाशी जोडून ठेवलेली कातडीची पट्टी कापायची ती थेट पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. हा कात खैराच्या लाकडाचा. पेण, रोहा, सुधागडच्या रानांत कातकरी समाज पिढ्यान्‌पिढ्या तो काढत आला.

पंचविसावा दिवसच का? वळवलेल्या कातडीला नव्या जागेतून स्वतःच्या रक्तवाहिन्या फुटायला साधारण तीन आठवडे लागतात. आजही कपाळाच्या कातडीचं नाक करणारे सर्जन तेवढेच थांबतात. सूक्ष्मदर्शकाखाली काहीही न पाहता त्या कारागिराने शरीराचं घड्याळ ओळखलं होतं.

मुंबई-नवी मुंबईत स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून पेण किंवा रोह्याला घरी परतणारी स्त्री याच घड्याळावर बरी होते. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसी या स्त्रीच्या स्तनांत क्रोनिन आणि जेरो या सर्जनांनी पहिल्यांदा सिलिकॉनचे इम्प्लांट बसवले. वस्तू नवी होती, पण तिला सामोरं जाणारं शरीर कावसजीचंच.

इम्प्लांट आत बसला की काही क्षणांत रक्तातली प्रथिनं त्याला चिकटतात. मागोमाग येतात भक्षक पेशी. त्यांचं काम परकी वस्तू गिळण्याचं, पण ही वस्तू त्यांच्यापेक्षा कितीतरी पटींनी मोठी. मग अनेक पेशी एकमेकींत मिसळून महापेशी बनतात, तरीही जमत नाही. तेव्हा शरीर धोरण बदलतं. तंतू विणणाऱ्या पेशींना बोलावणं जातं आणि काही आठवड्यांत इम्प्लांटभोवती कोलॅजनचं पातळ आवरण तयार होतं. बांधावरच्या झाडात रुतलेल्या तारेभोवती जशी साल वाढते, तसंच. पेसमेकरभोवतीही हेच घडतं. आवरण मऊ राहिलं तर उत्तम. आत रक्त साचलं किंवा जंतू शिरले तर ते जाड होऊन आकसण्याची शक्यता वाढते आणि स्तन कडक, दुखरा होतो. पहिल्या आठवड्यांतली बरीचशी पथ्यं हे टाळण्यासाठीच असतात.

मिटलेली जखम बरी झालेली दिसते, पण तिची ताकद पाहा. आठवड्याने ती मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी सुमारे २० टक्के, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. पूर्ण शंभर कधीच होत नाही. म्हणून बहुतेक सर्जन चार ते सहा आठवडे जड उचलू देत नाहीत. इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली असेल तर आणखी जपावं लागतं, कारण हाच स्नायू पापड लाटताना, कणीक मळताना, हंडा उचलताना आणि पेणच्या कारखान्यात गणपतीची माती दाबताना जोर लावतो. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. त्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो.

सुरुवातीला स्तन उंच आणि ताठ दिसतात. स्नायू सैल पडून इम्प्लांट खाली बसायला तीनेक महिने लागतात, आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने बसत नाहीत. पहिल्या पंधरवड्यात आरशात पाहून निर्णय चुकला असं वाटणाऱ्या बायकांना हे कुणीतरी आधीच सांगायला हवं.

मज्जातंतूंची वाढ तर त्याहून सावकाश, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मुंग्या येणं, मध्येच विजेसारखी कळ जाणं हे बहुधा जाग्या होणाऱ्या तंतूंचंच लक्षण असतं. तोवर त्वचा बधिर असते. आपल्याकडे दुखऱ्या जागी शेक द्यायची सवय आहे. इथे तो देऊ नका. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. बर्फही थेट लावू नका. आणि जखमेवर हळद किंवा तूपही नको. कावसजीच्या काळी दुसरं काही नव्हतं, आज जखम निर्जंतुक बंद करून दिलेली असते.

मशेरीबद्दल डॉक्टर विचारतीलच असं नाही, म्हणून स्वतःहून सांगा. कोकणातल्या कितीतरी बायका ती लावतात आणि तिला तंबाखूत मोजतच नाहीत. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आवळतं आणि जखमेच्या कडांना हवा तो प्राणवायू तोडतं. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर काही आठवडे ती बंदच ठेवा.

खाण्यात प्रथिनं हवीत: डाळ, अंडी, जवळा, बोंबील. आणि ‘क’ जीवनसत्त्वासाठी आवळा, पेरू. १७४०च्या दशकात ब्रिटिश नौदल अधिकारी अ‍ॅन्सनच्या जहाजावर स्कर्व्ही हा ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग पसरला, तेव्हा एका खलाशाची पन्नासेक वर्षांपूर्वी लढाईत झालेली, केव्हाच भरलेली जखम पुन्हा उघडली. व्रण म्हणजे संपलेलं काम नव्हे. शरीर तिथलं कोलॅजन आयुष्यभर मोडतं आणि नव्याने घडवतं, आणि ‘क’ जीवनसत्त्वाशिवाय ते घडवणं थांबतं.

ताप, एकच बाजू अचानक फुगणं, लाली पसरणं, टाक्यांतून स्राव, पोटरी दुखणं किंवा धाप लागणं यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. सर्जनना फोन करा, आणि धाप लागली असेल तर फोनवरही न थांबता जवळचं रुग्णालय गाठा. काही वर्षांनंतर एका बाजूला सूज आली तरी दाखवा. क्वचित ती आवरणातल्या लिम्फोमाची खूण असते. म्हणूनच २०१९ मध्ये ठरावीक खरबरीत इम्प्लांट जगभर बाजारातून मागे घेतले गेले. इम्प्लांट कायमचे नसतात. त्यांचा क्रमांक असलेलं कार्ड घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवा आणि मॅमोग्राफीच्या वेळी ते दाखवा.

हे सगळं एका गोष्टीवर अडतं. ही शस्त्रक्रिया अनेकजणी घरापासून लपवतात. मग रोह्याच्या गाडीतून उतरल्यावर पिशव्या त्याच उचलतात आणि दुसऱ्या दिवशी पाणीही त्याच भरतात. तीन टक्के ताकदीची जखम हे सोसत नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी घरातल्या एकीला तरी, बहिणीला, वहिनीला किंवा सासूला, खरं सांगा. आणि तुमच्या घरात कुणी असं सांगितलं, तर कारण विचारण्याआधी तिच्या हातातला हंडा घ्या.