न वाचता शोधणारा ग्रेप

हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी अमेरिकेच्या राज्यघटनेची बाजू मांडणारे ८५ निबंध १७८७-८८मध्ये लिहिले, तेही एकाच टोपणनावाने. त्यातला कोणता निबंध कोणाचा, हे शब्दांच्या वापरावरून ताडता येईल का, याचा शोध बेल लॅब्जमधले ली मॅकमहन घेत होते. अडचण वेगळीच आली. युनिक्सवरचा ‘एड’ हा संपादक आख्खी फाइल मेमरीत घेई आणि एवढा मजकूर त्यात मावेना. तेव्हा केन थॉम्पसन यांनी एडमधला शोधण्यापुरता भाग सुटा करून वेगळी आज्ञा तयार केली, अशी हकिगत ब्रायन कर्निघन सांगतात. ती एक ओळ घेई, तपासे आणि पुढे जाई. फाइल केवढीही असो. १९७३च्या युनिक्समध्ये आलेली ही आज्ञा म्हणजे ग्रेप. लिनक्सवर शेकडो फायलींतून एखादा शब्द हुडकायचा, तर लोक आजही टर्मिनल उघडून तीच लिहितात.

लिनक्सवरचा ग्रेप मात्र ग्नू प्रकल्पाने नव्याने लिहिलेला आहे, आणि त्याच्या वेगाचं गुपित मोठं गमतीचं आहे: फाइलमधली बरीचशी अक्षरं तो पाहतच नाही. ही युक्ती बॉयर आणि मूर यांची, १९७७ची. समजा ‘करवत’ शोधायचंय. हा शब्द मजकुराखाली धरायचा आणि तुलना शेवटच्या ‘त’पासून सुरू करायची. त्या ‘त’च्या वर ‘म’ निघाला तर? करवतीत ‘म’ नाहीच, म्हणजे या ‘म’ला धरून शब्द बसणं शक्य नाही. थेट चार घरं पुढे! वर ‘र’ निघाला तर दोनच घरं सरकायचं, म्हणजे ‘र’खाली ‘र’ येतो. शब्द जितका लांब, तितकी उडी मोठी. म्हणून लांबलचक शब्द सहसा लवकर सापडतो.

मराठीत मात्र ग्रेप कधी कधी चकवतो. त्याला अक्षराचं रूप दिसत नाही, तो फक्त संकेतांक जुळवतो. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक मिळाला २००८मध्ये, त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, आणि काही कळफलक अजूनही तेच करतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण एका पद्धतीने लिहिलेलं ‘ॲप’ शोधलं की दुसऱ्या पद्धतीचं ‘अॅप’ निसटतं, आणि ग्रेप त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. जुने मराठी संग्रह चाळताना ‘उणे ई’ हा पर्याय दोनदा देऊन दोन्ही रूपं एकदमच मागितलेली बरी.