दोन अंधेऱ्यांमधला सांधा

अंधेरीकर पत्ता सांगताना आधी ईस्ट की वेस्ट ते सांगतो, गल्लीचं नाव मागाहून. १८६७ साली विरारहून मुंबईकडे लोकल धावू लागली, तेव्हा तिच्या मोजक्या थांब्यांत अंधेरी होती. पुढे रुळांच्या दोन्ही अंगांना गाव वाढलं. पश्चिमेला वर्सोवा, जुहू. पूर्वेला मरोळ, चकाला, एमआयडीसी. घर एकीकडे आणि नोकरी दुसरीकडे, अशी हजारो माणसं. त्यांना जोडायला सबवे होता, पण तो चार सरी जोरात आल्या की भरायचा. खरा भरवसा होता तो गोपाळ कृष्ण गोखले पुलाचा.

१९७५ सालचा हा पूल दिसायला अगदीच साधा. पूर्वेला तो तेली गल्लीपाशी उतरतो, पश्चिमेला एस. व्ही. रोडला. पुढे थेट जुहूकडे जाणाऱ्यांसाठी सी. डी. बर्फीवाला उड्डाणपूल त्याला जोडलेला. पुलाकडे कोणी मान वर करून पाहिलं नसेल. ३ जुलै २०१८च्या सकाळी, भर पावसात, त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. मोटरमन चंद्रशेखर सावंत यांनी वेळीच ब्रेक लावल्यामुळे लोकल वाचली. जखमींपैकी दोघे मात्र पुढे दगावले. पूल महापालिकेचा, खालचे रूळ रेल्वेचे. मग देखभाल कोणाची, यावर बरीच तोंडं वाजली.

पुढे पूल धोकादायक ठरला, ७ नोव्हेंबर २०२२ला वाहतुकीला बंद झाला आणि ईस्ट-वेस्ट हा शब्द एकदम जड झाला. कोणी पार्ल्याच्या पुलावरून वळसा घेतला, कोणी जोगेश्वरी गाठली. ‘उस तरफ नहीं जाएगा’ हे रिक्षावाल्याचं वाक्य तेव्हा अंधेरीत जितकं ऐकू आलं, तितकं आधी कधी आलं नसेल.

जुना पाडून बांधलेल्या नव्या पुलाला रुळांमध्ये खांब नाहीत. म्हणून ९० मीटर लांब, सुमारे १,३०० टन वजनाचा गर्डर, तोही एक नव्हे, दोन. त्यांचे सुटे भाग अंबाल्याहून आले, इथे जुळवले गेले आणि रात्रीचे ब्लॉक घेऊन रुळांवर सरकवले गेले. पहिला गर्डर डिसेंबर २०२३मध्ये पलीकडे पोचला. काम अवघड होतं, आणि ते नीट झालं.

घोटाळा झाला तो सोप्या जागी. रेल्वेच्या नियमांनुसार नवा पूल जुन्यापेक्षा उंच बांधावा लागला. शेजारचा बर्फीवाला पूल होता तिथेच राहिला. २६ फेब्रुवारी २०२४ला एक बाजू खुली झाली, तेव्हा दोन पुलांमध्ये दीड मीटरच्या आसपास उंचीचा फरक लोकांना उघड्या डोळ्यांनी दिसला. अख्ख्या मुंबईने टिंगल केली. मला हसू आलं ते वेगळ्याच कारणाने. पालिकेच्या कर्मचाऱ्यांना नगरकारभाराचे धडे देणाऱ्या अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचं स्थानिकराज भवन अंधेरीत याच बर्फीवालांच्या नावाच्या रस्त्यावर आहे!

यावरचा उपाय मात्र झकास निघाला. व्हीजेटीआय या अभियांत्रिकी संस्थेतल्या तज्ज्ञांच्या सल्ल्याने बर्फीवाला पुलाचा टोकाचा भागच हायड्रॉलिक जॅक लावून उचलला: एका बाजूला १,३९७ मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला ६५०. पाडापाडी न करता अख्खा स्लॅब कणाकणाने वर घेणं हे कसबाचं काम. घरचं तिरकं कपाट सरळ करताना आपण खाली पुठ्ठा सारतो, तसंच. फक्त इथे कपाट रस्त्याएवढं. ४ जुलै २०२४ला दोन्ही पूल जोडून वाहतूक सुरू झाली. अशी कारागिरी चूक निस्तरण्यात खर्ची पडावी, याची मात्र चुटपुट लागते. रेल्वेने आपली बाजू पाहिली, पालिकेने आपली. सांधा कोणाच्याच नकाशावर ठळक नव्हता.

दुसरी बाजू ११ मे २०२५ला खुली झाली. बंद झाल्यापासून अडीच वर्षांनी अंधेरीला तिचा पूल पुरता परत मिळाला.